तिकीट स्वस्त, बॅग महाग: नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

विषय: विमान कंपन्यांचे सामान, आसन आणि इतर वरकड आकार

महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकरोडला माझे तिकिटांचे लहानसे दुकान आहे. रेल्वे, खासगी बस आणि विमान, तिन्ही तिकिटे काढून देतो. विमानाचे गिऱ्हाईक पूर्वी आले की पहिला प्रश्न असायचा, ‘किती वाजताचं आहे?’ आता वेळ दुय्यम झाली आहे. आता विचारतात, ‘सगळं धरून किती?’ हा साधा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देणे हाच माझा धंदा आहे. पण एका दमात ते देता येत नाही. स्क्रीनवर एक आकडा दिसतो, मग आसनाचा वेगळा, जेवणाचा वेगळा, वाढीव किलोचा वेगळा, तारीख बदलायची मुभा हवी असेल तर तिचा वेगळा, आणि शेवटी पैसे भरण्याच्या पानावर ‘सुविधा शुल्क’ नावाचा एक पाहुणा बसलेला असतोच. कोणती सुविधा, हे गिऱ्हाइकाने विचारले तर मी गप्प राहतो. पैसे स्वीकारण्याची सुविधा, असे सांगायला जीभ धजावत नाही.

हे लिहिताना एक सांगून टाकतो. माझाही सेवाआकार असतो. तो मी तिकीट काढायच्या आधी तोंडी सांगतो आणि बिलावर वेगळा लिहितो. त्यामुळे वरकड आकार घेणे हेच पाप, असे मी म्हणणार नाही. पाठीवर सॅक टाकून मीटिंगला जाणाऱ्या पोराने दुसऱ्याच्या दोन बॅगांचे भाडे का भरावे, हा कंपन्यांचा युक्तिवाद मला पटतो. विमान कंपनी म्हणजे सोन्याची कोंबडी, हाही गैरसमज आहे. कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ‘आयाटा’ने, २०२५ सालासाठी जगभराचा जो अंदाज दिला त्यात एका प्रवाशामागे निव्वळ नफा होता जेमतेम सात डॉलर. अमेरिकेतल्या स्पिरिट एअरलाइन्सने तर वरच्या बॅगेच्या कप्प्याचेही पैसे घेतले, प्रत्येक गोष्टीला किंमत लावली, आणि तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली.

तेव्हा प्रश्न पैसे घेण्याचा नाही. ते कधी सांगितले जातात आणि कुठे उभे करून घेतले जातात, याचा आहे.

हा प्रकार सुरू कसा झाला ते आपल्या कार्यालयाला मी सांगायला नको, पण माझ्या गिऱ्हाइकांसाठी थोडक्यात लिहितो. २००८ साली खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले होते. त्याच उन्हाळ्यात अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. मोठ्या जुन्या कंपन्यांत असे करणारी ती पहिली. कारण सांगितले इंधनाचे. काही महिन्यांत तेल कोसळले. बॅगेचे पैसे मात्र तिथेच राहिले, उलट वाढले, आणि इतरांनीही तोच रस्ता धरला. तिकडे याला आणखी एक कारण होते. देशांतर्गत विमानभाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर लागतो, बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. म्हणजे भाड्यातला रुपया उचलून बॅगेत टाकला की त्यावरचा कर वाचला. आज अमेरिकन कंपन्या फक्त बॅगांतून वर्षाला सात अब्ज डॉलरहून अधिक गोळा करतात. साउथवेस्ट ही एकच मोठी कंपनी दोन बॅगा फुकट नेत असे आणि त्याच जोरावर जाहिराती करत असे. मे २०२५ च्या अखेरीस तिनेही पहिल्या बॅगेला ३५ डॉलर लावले.

आपल्याकडचे आकडे लहान आहेत, पण दिशा तीच आहे. देशातली सर्वांत मोठी कंपनी इंडिगो. तिने जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत तिकिटांतून सुमारे १९,५०० कोटी रुपये मिळवले आणि ‘पूरक’ उत्पन्न दाखवले २,१५० कोटींच्या आसपास. यात मालवाहतुकीचे पैसेही धरलेले असतात, त्यामुळे सगळेच प्रवाशांच्या बॅगा-आसनांचे, असे म्हणणे चूक होईल. पण मग बॅगांचे किती आणि आसनांचे किती? हे मला कुठेच वाचायला मिळत नाही. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

सामानाच्या वजनाचा आपल्याकडचा इतिहास काट्यासारखाच वर-खाली झालेला आहे. एकेकाळी एअर इंडियावर २५ किलो नेता यायचे. मे २०२४ पासून तिच्याही सर्वांत स्वस्त भाड्यात १५ किलोच राहिले. (तुलनेसाठी: आपल्या रेल्वेच्या थ्री टियर डब्यात माणशी ४० किलो फुकट. नाशिकरोडच्या फलाटावर ते कुणी मोजत नाही, हा भाग निराळा.) जून २०१६ मध्ये आपल्याच महासंचालनालयाने आदेश काढला होता की १५ ते २० किलोच्या दरम्यानच्या वाढीव वजनाला किलोमागे १०० रुपयांहून जास्त घेऊ नये. त्याआधी दर तीनशेच्या आसपास होता. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये तो आदेश रद्द झाला. पुढच्याच वर्षी किलोचा दर ४०० झाला. आज काउंटरवर तो ५०० च्या वरच ऐकू येतो. मुंबई-बेंगळुरूचे तिकीट आधी काढले तर कधी साडेतीन-चार हजारांत मिळते. त्यावर सात-आठ किलो जादा निघाले की बॅगेचे भाडे माणसाच्या भाड्याच्या बरोबरीला येते. नाकापेक्षा मोती जड.

दर बांधून द्या अशी माझी मागणी नाही. ते एकदा करून झाले आहे आणि त्याचे काय झाले ते आपण जाणता. माझे म्हणणे आपल्याच दोन परिपत्रकांवर उभे आहे.

पहिले फेब्रुवारी २०२१ चे. चेक-इन बॅग न नेणाऱ्याला स्वस्त भाडे देण्याची मुभा त्यात दिली. सोबत अट घातली: असा प्रवासी ऐनवेळी बॅग घेऊन आला तर किती पैसे पडतील ते वाजवी असावे, तिकीट काढतानाच ठळक दाखवावे आणि तिकिटावर छापावे. अट इतकी नेमकी आहे की वाचून बरे वाटले. दुसरे एप्रिल २०२४ चे. आसन, जेवण, बॅग, वाद्ये, खेळाचे साहित्य वगैरे सेवा वेगळ्या काढून विकता येतील, पण प्रवाशाने स्वतःहून निवडल्या तरच. आधीच टिक करून ठेवून नव्हे. बारा वर्षांखालच्या मुलाला आई-बाबांपैकी एकाच्या शेजारी बसवावे, हेही त्याच वेळी आले. तोवर चार वर्षांच्या पोराला एकवीस नंबरच्या रांगेत आणि आईला सातव्या रांगेत बसवून मग ‘शेजारी हवं असेल तर आसन विकत घ्या’ म्हणायची सोय होती. ती आपण बंद केलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

आता अडचण अशी की किंमत तिकिटावर छापायची अट फक्त बॅगविरहित भाड्याला लागू आहे. पंधरा किलोचे नेहमीचे तिकीट काढणाऱ्याला सोळाव्या किलोचा काउंटरवरचा दर तिकिटावर वाचायला मिळत नाही. तो असतो संकेतस्थळाच्या खालच्या अंगाला, नियम-अटींच्या पानात, चार टिचक्या मारल्यावर. घरबसल्या आधी पैसे भरले तर एक दर आणि विमानतळावर दुसरा, जास्त. दोन दर का, याचे व्यवहारी कारण आहे: विमानात किती वजन चढणार हे आधी कळले तर कंपनीला नियोजन सोपे जाते. मान्य. पण वरचा दर म्हणजे नियोजनाची किंमत की अडल्या हरीकडून केलेली वसुली, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापल्याशिवाय कुणाला ठरवता येणार?

काउंटरवर काय होते ते एक उदाहरण सांगतो. आमच्या गल्लीतल्या एक मावशी लेकीच्या बाळंतपणाला मुंबईहून बेंगळुरूला निघाल्या. विमानप्रवास पहिलाच. बॅगेत डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या सुती साड्यांची दुपटी, दोन किलो साजूक तूप. काउंटरवरून त्यांचा मला फोन. ‘अहो दादा, घरच्या काट्यावर पंधराच भरलं होतं हो! इथं अठरा किलो तीनशे ग्रॅम दाखवतंय, आणि चार किलोचे पैसे मागतायत.’ तीन किलो तीनशे ग्रॅमचे चार किलो झाले होते. मागे रांग, पुढे घड्याळ. त्यांनी बॅग तिथेच जमिनीवर उघडली आणि लाडवांचा डबा काढून हातातल्या पिशवीत कोंबला. आता त्या पिशवीचे वजन हातबॅगेच्या सात किलोच्या मर्यादेवर गेले. तूप हातात न्यायला सुरक्षा तपासणीत अडवतील, म्हणून ते बॅगेतच राहिले. शेवटी लेकीने तिकडून मोबाइलवर पैसे भरले. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या रांगेत वेगळे घडले असते, असे मला वाटत नाही.

काउंटरवरच्या मुलीचा यात दोष नाही. तिच्यापुढे स्क्रीन आहे, स्क्रीनवर आकडा आहे. माझा प्रश्न त्या आकड्याबद्दल आहे, आणि या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिकच्या भाजीबाजारात जा. दहा रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्याच्या काट्यावरसुद्धा शिक्का लागतो. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ सांगतो की ज्या काट्यावर मोजून पैशांचा व्यवहार होतो त्याची सरकारी पडताळणी झाली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी. पडताळणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचे असते. निरीक्षक येतो, वजने ठेवून बघतो, फरक निघाला तर दंड करतो. सराफाकडे, रेशन दुकानात, भंगारवाल्याकडे, सगळीकडे हे चालते. विमानतळावरच्या चेक-इन पट्ट्याखाली जो काटा आहे तो पूर्वी विमानाच्या वजनाचा हिशेब लावायला होता. आता त्यावर किलोमागे पाचशे रुपयांनी व्यवहार होतो. साखर चाळीस-पंचेचाळीस रुपये किलोने जो तोलतो त्याला शिक्का लागतो, तर पाचशेने तोलणाऱ्याचा शिक्का प्रवाशाला दिसायला नको? काटा विमानतळ चालवणाऱ्याचा असो की विमान कंपनीचा, त्याची शेवटची पडताळणी कधी झाली हे काउंटरवर लिहिलेले मला आजवर कुठे दिसले नाही. काटे चुकीचे आहेत, असा माझा आरोप नाही. मावशींच्या घरचा स्प्रिंगकाटाच खोटा असण्याची शक्यता मोठी आहे. पण दोन काट्यांत वाद झाला तर प्रवाशाने कुणाकडे बघायचे? भाजीबाजारात तो शेजारच्या गाळ्यावर जाऊन पुन्हा तोलतो. विमानतळावर शेजारचा गाळा नाही.

म्हणून विनंती: राज्यांच्या वैध मापन यंत्रणेशी बोलून काउंटरच्या काट्यांवर पडताळणीची तारीख प्रवाशाला वाचता येईल अशी लावायला सांगा. प्रत्येक विमानतळावर प्रवेशद्वाराजवळ, रांगेत शिरण्याआधी, त्याच पडताळणीचा एक मोफत काटा ठेवा. आणि ग्रॅमचा किलो कसा होतो याचा एकच नियम सगळ्या कंपन्यांना लावा. तीनशे ग्रॅमला पूर्ण किलो धरायचा की अर्ध्या किलोपर्यंत सोडून द्यायचे, हे काउंटरगणिक ठरू नये. याला कोणताही दर बांधावा लागत नाही, त्यामुळे २०१७ सारखे न्यायालयात अडकायचे कारण नाही.

दुसरी एक गोष्ट परदेशातून शिकण्यासारखी आहे. म्हणजे करू नये म्हणून शिकण्यासारखी. अमेरिकी सिनेटच्या एका चौकशी उपसमितीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यात निघाले की फ्रंटियर आणि स्पिरिट या दोन कंपन्यांनी २०२२ आणि २०२३ या काळात गेटवरच्या कर्मचाऱ्यांना मिळून २.६ कोटी डॉलर वाटले. कशासाठी? मोठी बॅग घेऊन आलेले प्रवासी पकडून त्यांच्याकडून पैसे वसूल करण्यासाठी. युरोपात रायनएअर तर हे उघडच सांगते. नोव्हेंबर २०२५ पासून तिने एका बॅगेमागची बक्षिसी दीड युरोवरून अडीच केली आणि महिन्याची कमाल मर्यादाही काढली. मोजणारा आणि मोजण्यातून बक्षीस खाणारा एकच असेल तर त्या मोजणीला काय अर्थ राहिला? आपल्याकडे असे आहे, असे मी म्हणत नाही. पण नाही, असे प्रत्येक कंपनीकडून लेखी घ्यायला काय हरकत आहे?

युरोपात न्यायालयाने निदान एक रेघ ओढली आहे. २०१४ साली वुएलिंग कंपनीच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटले की चेक-इन बॅगेचे पैसे घ्या, पण वाजवी आकाराचे हातातले सामान हा प्रवासाचाच भाग आहे, त्याला वेगळे शुल्क लावता येणार नाही. त्याचा आधार घेऊन स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड सुनावला. आपल्याकडे सात किलोची हातबॅग अजून फुकट आहे. ती तशीच राहील, हे आजच कागदावर पक्के करून टाकावे. उद्या कुणी ‘सीटखालची पिशवी फुकट, वरच्या कप्प्याचे पैसे’ ही टूम इथे आणली तर मग परिपत्रक काढायला उशीर झालेला असेल. सुविधा एकदा वेगळी विकली गेली की ती परत भाड्यात येत नाही.

पडद्यावरच्या युक्त्यांबद्दल थोडक्यात. हे काम अर्धे ग्राहक व्यवहार मंत्रालयाचे आहे, म्हणून प्रवासी दोन दारांच्या मध्ये उभा राहतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेरा प्रकार सांगितले. गंमत म्हणजे उदाहरणे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना विमानाचे तिकीटच पुन्हापुन्हा आठवले: विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ असे बटण दाबायला लावणे, तिकिटाबरोबर विमा गुपचूप टोपलीत टाकणे, पैसे भरताना आधीपेक्षा जास्त रक्कम दाखवणे. एका सरकारी खात्याला जे उदाहरण म्हणून सुचते ते दुसऱ्या खात्याच्या तपासणीत का सापडू नये? आपल्या निरीक्षकांनी महिन्यातून एकदा सामान्य प्रवासी म्हणून प्रत्येक कंपनीच्या ॲपवर तिकीट काढायला बसावे. एवढे पुरे. मराठी माणसाने इंग्रजी ॲपवर ते करून पाहावे, म्हणजे आणखी कळेल.

सरकारने मनावर घेतले की होते, हेही पाहिले आहे. काउंटरवर बोर्डिंग पास छापून देण्याचे २०० रुपये घेतले जात होते. २१ जुलै २०२२ ला मंत्रालयाने एका आदेशात ते थांबवले. विमान अडले नाही की कंपनी बुडाली नाही. आणि नियम असूनही लोकांना ठाऊक नसला की काय होते, तेही रोज बघतो. तिकीट परतावा नसलेले असले तरी रद्द केल्यावर सरकारी कर आणि विमानतळाचे वापरकर्ता शुल्क परत द्यावे लागते, हा नियम २०१६ पासून आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या दहांपैकी नऊ जण ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द वाचूनच हात झटकतात. तिकिटाच्या पीडीएफवर शेवटच्या ओळीत ‘रद्द केल्यास इतके रुपये परत’ असा आकडा का छापत नाहीत?

आता राहिला तो आकड्यांचा मुद्दा. आपले कार्यालय दर महिन्याला फार उपयोगी तक्ते काढते. कोणत्या कंपनीच्या किती जागा भरल्या, किती विमाने वेळेवर सुटली, दहा हजार प्रवाशांमागे किती तक्रारी आल्या आणि त्या कशाबद्दल. मी ते वाचतो आणि गिऱ्हाइकांना सांगतोही. त्यातच आणखी एक रकाना घाला: कंपनीने त्या तिमाहीत सामानातून किती मिळवले, आसनांतून किती, रद्द करणे-बदलणे यांतून किती. अमेरिकेचा परिवहन विभाग बॅगांचे कंपनीवार आकडे कित्येक वर्षे छापतो आहे; त्यामुळेच मघाचा सात अब्जांचा आकडा मला नाशिकरोडला बसून कळला. आपल्या देशातला आकडा मात्र कंपनीच्या ताळेबंदात मालवाहतुकीबरोबर मिसळलेला.

याला विरोध होईल. तो कसला असेल याचा नमुनाही उपलब्ध आहे. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये सरकारने नियम केला की बॅगेचे आणि तिकीट बदलण्याचे शुल्क भाड्याबरोबर पहिल्यांदाच दाखवा. दर कमी करा, असे नव्हे, फक्त दाखवा. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जुलैमध्ये स्थगिती मिळवली. किंमत नुसती दाखवायलाही इतका विरोध होतो, त्यावरून पैसा नेमका कुठून येतो हे कुणालाही कळावे.

‘सगळं धरून किती’ याचे उत्तर पहिल्याच पानावर मिळावे: एक माणूस, पंधरा किलोची बॅग, सात किलोची हातबॅग, कुठलेही एक आसन, सगळे कर आणि सुविधा शुल्क धरून. त्यातून ज्याला जे नको ते त्याने काढावे आणि आकडा खाली यावा. आज चढत्या क्रमाने चालते ते उतरत्या क्रमाने चालू द्या. त्यात कंपनीचा एक रुपया कमी होत नाही. फक्त दोन कंपन्यांची भाडी शेजारी ठेवली की खरी तुलना होते.

मे महिन्यात आंब्यांच्या पेट्या निघतील. बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला असलेल्या पोरांकडे आई-वडील जातील आणि पेटी काट्यावर चढेल. त्याआधी निदान काट्यांच्या पडताळणीबद्दल आणि ग्रॅमच्या नियमाबद्दल आपल्या कार्यालयाकडून दोन ओळींचे उत्तर यावे. आले तर त्याची प्रत दुकानाच्या काचेवर लावीन. न आल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करणार आहे. दहा रुपये शुल्क त्याला लागते, आणि ते अर्जावरच लिहिलेले असते.

कळावे,
आपला,
एक तिकीटविक्रेता
नाशिकरोड